चरे पडलेली सीडी-डीव्हीडी : घरी काय जमतं, खर्च किती येतो?

लग्नाच्या तीन डीव्हीडी, बारशाची एक सीडी, आजोबांच्या पंच्याहत्तरीची एक, शाळेच्या गॅदरिंगची एक. साधारण २००० ते २०१५ या काळात ज्यांच्या घरी एखादं कार्य झालं, त्यांच्या कपाटात हा ऐवज असतोच. त्याआधी व्हिडिओ कॅसेट होती, नंतर पेनड्राइव्ह आला. मधल्या काळातलं सगळं या चकत्यांवर आहे. त्यातल्या बऱ्याचशा आज प्लेअरमध्ये टाकल्या की सप्तपदीच्या आधीच अडकतात. चित्राचे चौकोन चौकोन होतात, आवाज तुटतो. घरच्या घरी यावर काय करता येतं, कशावर पैसे घालवू नयेत आणि दुकानाची पायरी कधी चढावी, ते पुढे दिलं आहे. किमती ढोबळ आहेत, दुकानागणिक फरक पडेल.

सुरुवात करण्याआधी एक ठरवून घ्या. चकती नव्यासारखी चकचकीत व्हायला हवी असं काही नाही. ती एकदाच, पण शेवटपर्यंत वाचली गेली आणि तेवढ्यात आतलं सगळं कॉम्प्युटरवर उतरलं, की काम झालं. हे पक्कं असलं की पॉलिश, वॅक्स, परदेशी यंत्रं यांवरचा बराच खर्च वाचतो.

चरा कुठल्या बाजूला आहे?

सीडी म्हणजे १.२ मिलिमीटर जाडीचं पॉलिकार्बोनेट प्लास्टिक. माहिती असते ती वरच्या बाजूला, लेबलच्या लगेच खाली, चमकणाऱ्या पातळ थरात. त्यावर फक्त लाखेसारखं एक पापुद्र्याएवढं आवरण असतं. वाचणारा लेसरचा किरण खालून येतो, सगळं प्लास्टिक ओलांडून त्या थरापर्यंत पोचतो आणि परततो. आरशाचं जसं असतं तसंच: काचेवरचा ओरखडा घासून कमी करता येतो, मागचा पारा उडाला तर इलाज नाही. म्हणून खालच्या बाजूच्या चऱ्यांना घाबरू नका. लेबलच्या बाजूला खरवडलेलं असेल तर मात्र काळजी करा. चकती मोबाइलच्या टॉर्चसमोर धरा. आरपार प्रकाशाचे ठिपके दिसले तर तेवढा भाग कायमचा गेला, तिथे कुठलंही पॉलिश चालत नाही. उरलेला भाग मात्र अजून काढता येतो.

डीव्हीडीचं थोडं वेगळं आहे. तिच्यात ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवलेल्या असतात आणि माहिती मध्ये असते. त्यामुळे लेबलवरचा लहानसहान ओरखडा तिला फारसा बाधत नाही. ब्लू-रेमध्ये माहितीचा थर पृष्ठभागापासून जेमतेम ०.१ मिलिमीटर आत असतो आणि त्यावर मुद्दाम कडक लेप दिलेला असतो. ब्लू-रे कधीही घासू नका. पुसा आणि थांबा.

चऱ्याची दिशाही बघा. माहिती आतून बाहेर जाणाऱ्या एकाच सर्पिल रेषेत असते. मधल्या भोकापासून कडेकडे गेलेला चरा ही रेषा ठिकठिकाणी नुसती ओलांडतो. सीडीवर रेषेचा सुमारे अडीच मिलिमीटर सलग तुकडा वाचता आला नाही, तरी प्लेअर आजूबाजूच्या माहितीवरून गणित करून तो भरून काढू शकतो. पण गोलाकार चरा रेषेच्या बरोबरीने धावतो, लांबलचक तुकडा एकदम बुजवतो आणि तिथे गणित हरतं. चकती गोल गोल पुसू नये, आतून बाहेर सरळ पुसावी, याचं कारण हेच.

चकतीला मधल्या भोकापासून तडा गेला असेल तर ती ड्राइव्हमध्ये घालूच नका. कॉम्प्युटरचा ड्राइव्ह सीडी मिनिटाला दहा हजार फेऱ्यांपर्यंत फिरवतो. तडकलेली चकती आतच फुटते आणि ड्राइव्हही जातो.

आधी बिनखर्चाचे उपाय

दुसरी चांगली चकती त्याच प्लेअरवर लावून बघा. तीही अडकली तर दोष प्लेअरच्या लेन्सचा आहे. दहा-पंधरा वर्षांच्या प्लेअरची लेन्स धुळीने मंदावलेली असते. लेन्स साफ करायची ब्रश लावलेली सीडी शंभर रुपयांच्या आसपास मिळते. ती एकदा फिरवून पाहावी.

प्लेअर ठीक असेल तर चकती धुवा. चरा वाटणाऱ्या कितीतरी खुणा तेलकट बोटांच्या, फराळाच्या नाहीतर धुळीच्या असतात. कोमट पाणी, भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब आणि बोटाचं पेर एवढं पुरे. घासणी नको, ब्रश नको. मग मऊ सुती किंवा मायक्रोफायबरच्या फडक्याने टिपून घ्या. टिश्यू पेपर आणि ओढणीचं टोक दोन्ही टाळा, त्यांनीच बारीक चरे पडतात. लग्नाच्या डीव्हीडीवर वधू-वरांचा फोटो छापलेला असेल तर ती नळाखाली धरू नका. ती छपाई पुष्कळदा इंकजेटची असते, पाणी लागलं की शाई ओघळते. अशी चकती फक्त खालून ओलसर फडक्याने पुसावी. चिकट डाग निघत नसेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा. शंभर मिलिलिटरची बाटली शंभर-दीडशे रुपयांना मिळते आणि वर्षभर पुरते. थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर यांतलं काहीही लावू नका. प्लास्टिक पांढरं पडून चकती कायमची बाद होते.

पैसे घालायचेच तर ड्राइव्हवर घाला

घासायच्या आधी ड्राइव्ह बदलून पाहा. हा सल्ला फार कमी लोक ऐकतात आणि सगळ्यात जास्त फायदा यातच आहे. एका ड्राइव्हला न वाचता आलेली चकती दुसरा सहज वाचतो, कारण प्रत्येकाची लेन्स, किरणाची ताकद आणि चुका सुधारण्याची पद्धत वेगळी असते. नवा यूएसबी डीव्हीडी रायटर दीड ते तीन हजारांना पडतो. घरात बंद पडलेला जुना लॅपटॉप असेल तर त्यातला ड्राइव्ह काढून यूएसबी केसमध्ये बसवता येतो. केस चारशे-पाचशेला मिळते. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत चौकशी करा. जुन्या डेस्कटॉपचा मोठा ड्राइव्ह मात्र नुसत्या यूएसबी केबलवर चालत नाही. त्याला १२ व्होल्टचा वेगळा पुरवठा लागतो, तेव्हा अडॅप्टरसकट केबल मागा.

आता सॉफ्टवेअर. विंडोजमध्ये फोल्डर उचलून कॉपी करायला गेलात तर पहिल्याच खराब जागी एरर येते आणि सगळं थांबतं. त्याऐवजी विंडोजवर ‘अनस्टॉपेबल कॉपियर’ किंवा लिनक्सवर ‘डीडीरेस्क्यू’ वापरा. दोन्ही फुकट आहेत. डीडीरेस्क्यू आधी चांगला भाग उतरवून घेतो, खराब जागांची नोंद ठेवतो आणि मग त्या एकेक जागेवर परत परत येतो. मध्ये थांबवून, चकती पुसून किंवा दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून तिथूनच पुढे सुरू करता येतं. रात्री लावून झोपा, एका डीव्हीडीला कित्येक तास लागू शकतात. गाण्यांच्या सीडीसाठी ‘एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी’ आहे, तोही फुकट.

व्हीसीडीचं, म्हणजे व्हिडिओ भरलेल्या सीडीचं, दुखणं निराळं. त्यात चित्राला जास्त जागा मिळावी म्हणून चुका दुरुस्त करणाऱ्या माहितीचा एक थर मुळातच गाळलेला असतो. म्हणून चांगली दिसणारी व्हीसीडीसुद्धा कॉपी करताना एरर देते. तिच्यासाठी ‘आयसोबस्टर’सारखा व्हीसीडी ओळखणारा प्रोग्राम घ्या. ‘एमपीईजीएव्ही’ फोल्डरमधली डॅट फाइल काढली की ती व्हीएलसीवर चालते.

घासायचंच असेल तर

वरचं सगळं करूनही एखाद्या जागी अडकतंच असेल, तर तेवढ्या जागेपुरतं पॉलिश करा. नख आडवं फिरवून बघा. नख अडकलं तर चरा खोल आहे, घरी तो पूर्ण जाणार नाही. नख घसरलं तर आशा आहे.

साधी पांढरी टूथपेस्ट घ्या. दहा-वीस रुपयांची छोटी ट्यूब पुरते. जेल नको, मीठ-कोळशाची नको आणि दंतमंजन तर मुळीच नको, त्याचे कण जाड असतात. चकती सपाट टेबलावर, मऊ कापडाची घडी घालून, लेबल खाली करून ठेवा. वाटाण्याएवढी पेस्ट ओल्या फडक्यावर घेऊन चऱ्यावर आतून बाहेर सरळ हात चालवा. जोर बेताचा, एका जागी दोन-तीन मिनिटं. धुवा, टिपा, दिव्याखाली तिरकी धरून बघा. चऱ्याच्या धारदार कडा बोथट होऊन त्याजागी धुरकट पट्टा दिसायला लागला की थांबा. तो पट्टा बघून घाबरू नका. किरणाला बारीक धुरकटपणा चालतो, धारदार कड चालत नाही. मग लगेच ड्राइव्हमध्ये घालून कॉपी सुरू करा.

पेस्टने भागलं नाही तर गाडीचं स्क्रॅच काढायचं पॉलिश वापरा. छोटी ट्यूब दीडशे ते तीनशे रुपयांत येते आणि टूथपेस्टपेक्षा काम सफाईदार होतं. पितळेच्या पॉलिशचा सल्ला बरेच जण देतात. त्यातली द्रावणं या प्लास्टिकला मानवत नाहीत, मी ते वापरायला सांगणार नाही. व्हॅसलीन चरा तात्पुरता भरतं, पण नीट पुसलं नाही तर फिरताना उडून लेन्सवर बसतं. फ्रीजमध्ये ठेवणं आणि गरम पाण्यात बुडवणं हे दोन्ही घातक.

दुकानात देताना

जुन्या सीडी पेनड्राइव्हवर उतरवून देणारे फोटो स्टुडिओ बहुतेक गावांत आहेत. दर चकतीमागे शंभर ते पाचशे रुपये. तीन-चारच चकत्या असतील तर ड्राइव्ह विकत घेण्यापेक्षा हे स्वस्त पडतं. देण्याआधी चार गोष्टी विचारा. चकती वाचलीच नाही तर पैसे घेणार का? फाइल मूळ दर्जाची देणार की लहान करून? अडकलेली जागा सोडून देणार की परत प्रयत्न करणार? आणि काम झाल्यावर तुमच्याकडची प्रत पुसणार का? चकत्या किती दिल्या ते लिहिलेली पावती घ्या. चकती हरवली किंवा मोडली आणि दुकानदार दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाख रुपयांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क लागत नाही.

उतरवल्यानंतर

एका साध्या डीव्हीडीत ४.७ जीबी मावतं. तीन डीव्हीडींचं लग्न म्हणजे सुमारे चौदा जीबी, ३२ जीबीचा पेनड्राइव्ह भरपूर झाला. पण एकट्या पेनड्राइव्हवर विसंबू नका. दुसरी प्रत हार्ड डिस्कवर ठेवा आणि तिसरी दुसऱ्या गावच्या बहिणीकडे किंवा मुलाकडे. पुन्हा कोऱ्या डीव्हीडीवर कॉपी करण्यात अर्थ नाही.

मूळ चकत्या फेकू नका. घरी किंवा स्टुडिओत ‘राइट’ केलेल्या चकतीत माहिती रंगद्रव्याच्या थरात असते आणि तो थर उन्हाने उडतो. अंधाऱ्या कपाटात, कडक डबीत, उभ्या ठेवा. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात प्लास्टिकची पातळ पाकिटं चकतीला चिकटतात, तिथे डबीच हवी आणि सोबत सिलिका जेलची पुडी. बुरशी ही नुसती शंका नाही. बेलीझ या दमट देशातल्या एका सीडीवर प्लास्टिक आणि ॲल्युमिनिअम दोन्ही पोखरणारी बुरशी संशोधकांना सापडली होती, २००१ मध्ये ते प्रसिद्ध झालं. चकतीवर बॉलपेनने लिहू नका, कागदी स्टिकर लावू नका आणि लावलेला असेल तर ओढून काढू नका. सीडीचा चमकता थर त्याच्याबरोबर निघून येतो.

हिशेब मांडला तर फडकं, अल्कोहोल आणि पेस्ट मिळून तीनशेच्या आत बसतं. ड्राइव्ह धरला तर दोन ते साडेतीन हजार. तो एका घराला महाग वाटेल. मग सोसायटीतल्या चार घरांनी किंवा चार भावंडांनी मिळून एकच घ्या. आपल्या चकत्या उतरवून झाल्या की तो पुढच्या घरी द्या. नवीन लॅपटॉपमध्ये ड्राइव्ह येणं जवळजवळ बंद झालं आहे, तेव्हा हे काम याच वर्षी उरकून घ्या.