अर्धपोकळ बेस गिटार : निवड आणि फेरफार



हल्लीं शाळेच्या वाद्यवृंदांत बेस गिटार वाजविण्याची हौस पुष्कळ मुलामुलींस असते. ही हौस स्तुत्य आहे. कारण गायनास खालचा भरीव सूर पुरविणाऱ्याला आपल्या वाजविण्यापेक्षां दुसऱ्यांचें ऐकण्याकडेच अधिक लक्ष द्यावें लागतें. परंतु हें वाद्य स्वस्त नाहीं. आईबापांनीं काटकसरीनें बाजूस ठेविलेले पैसे त्यांत जातात. वाद्य घरीं आल्यावर त्याचा आवाज मनासारखा वाटला नाहीं, कीं कोणाच्या तरी सल्ल्यानें त्यास भोंकें पाडण्याचा उद्योग सुरू होतो, आणि एकदां कापलेलें लाकूड पुन्हां पूर्ववत् होत नाहीं. म्हणून या लेखांत बेस गिटारीच्या एका विशेष प्रकाराचा, म्हणजे अर्धपोकळ गिटारीचा, विचार करूं. मुख्य नियम आरंभींच सांगून ठेवितों : जें मागाहून बदलतां येत नाहीं तें विकत घेतांना पारखावें, जें बदलतां येतें तें मागाहून, क्रमाक्रमानें बदलावें.

१. वाद्याची रचना

बेस गिटारीस सामान्यतः चार तारा असतात. जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत त्यांचे सूर ई, ए, डी व जी असे असून, ई तारेचीं कंपनें सेकंदास सुमारें ४१ व जी तारेचीं ९८ होतात. तारांखालीं लोहचुंबक व बारीक तांब्याच्या तारेचें वेटोळें बसविलेलें असतें. त्यास पिकअप म्हणतात. पोलादी तार हलली कीं चुंबकीय क्षेत्रांत फरक पडतो व वेटोळ्यांत क्षीण विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. मायकेल फॅरडे यांनीं १८३१ सालीं दाखवून दिलेलें तत्त्व तें हेंच. हा प्रवाह ॲम्प्लिफायरमध्यें वाढवून ध्वनिक्षेपकावाटे ऐकविला जातो.

जुना उभा डबल बेस माणसाहूनही उंच व पोकळ. तो नेण्याआणण्यास कष्टाचा, आणि मोठ्या वाद्यमेळांत त्याचा सूर बुडून जाई. अमेरिकेंतील लिओ फेंडर यांनीं १९५१ सालीं भरीव लाकडाची बेस गिटार बाजारांत आणिली, तेव्हां ही अडचण दूर झाली. पण पेटीचा घुमारा नाहींसा झाला. १९५६ सालीं जर्मनींतील हॉफनर कारखान्यानें व्हायोलिनच्या आकाराची, आंतून पूर्ण पोकळ अशी बेस गिटार काढिली. बीटल्स मंडळींतील पॉल मॅकार्टनी यांनीं १९६१ सालीं हॅम्बुर्ग शहरीं तीच विकत घेतली आणि पुढें ती जगभर ओळखीची झाली.

पूर्ण पोकळ वाद्यांत एक दोष असतो. ध्वनिक्षेपकाचा मोठा आवाज वाद्याच्या पातळ पाठीपोटावर आदळून त्यास कांपवितो. त्या कंपामुळें तारा हलतात. तारांचें हलणें पिकअप पुन्हां ॲम्प्लिफायरकडे पाठवितो. असें चक्र सुरू झालें म्हणजे वाद्य आपोआप घूं घूं करूं लागतें. यावर गिब्सन कंपनीनें १९५८ सालीं मधला मार्ग काढिला. तिच्या ईबी-२ नांवाच्या बेस गिटारीचें अंग रुंद व पातळ, दोन्ही बाजू पोकळ, परंतु मध्यभागीं दांडीपासून खालच्या टोंकापर्यंत लाकडाचा भरीव ठोकळा होता. पिकअप व घोडी या ठोकळ्यावर बसल्यामुळें घोंघावणें पुष्कळ कमी झालें, आणि दोन्ही पंखांची पोकळी राहिल्यामुळें थोडा घुमाराही राहिला. अशा रचनेस आपण अर्धपोकळ म्हणतों.

२. निवड करितांना

पहिली पारख तारेच्या लांबीची. घोडीपासून माथ्याकडील पट्टीपर्यंत तारेचा जो भाग कांपतो त्याची लांबी फेंडर यांच्या गिटारींत ३४ इंच आहे, तर ईबी-२ मध्यें ३०॥ इंच. एकाच जाडीची तार एकाच सुरांत लावली तर तिचा ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणांत असतो. ३०॥ चा वर्ग ९३०। आणि ३४ चा वर्ग ११५६. म्हणजे आंखूड गिटारीवरील ताण लांब गिटारीच्या सुमारें शेंकडा ८० भरतो. लांब वाद्यावर ४० पौंड ताण लागत असेल तर आंखुडावर ३२ पौंडच लागेल. लहान हाताच्या मुलांस हें सोयीचें. बोटें कमी ताणावीं लागतात, तार सहज दबते. परंतु ई तार सैल पडते व तिचा सूर कांहींसा पसरट होतो. ही लांबी मागाहून कोणत्याही कारागिरास वाढवितां येत नाहीं.

दुसरी पारख ठोकळ्याची. दुकानांत नुसतें रूप पाहून अर्धपोकळ व पूर्ण पोकळ यांतील भेद कळत नाहीं. दोहोंस बहुधा इंग्रजी एफ् अक्षराच्या आकाराचीं भोंकें असतात. त्या भोंकांतून लहान दिव्याच्या उजेडांत आंत पाहावें, म्हणजे मधली भिंत दिसेल. दिवाणखान्यांत मंद आवाजांत वाजविणाऱ्यास पूर्ण पोकळ वाद्य चालेल. ढोल-तबल्याच्या शेजारीं, मोठ्या ॲम्प्लिफायरपुढें वाजवावयाचें असेल तर ठोकळा हवाच.

तिसरी पारख तोलाची. अर्धपोकळ अंग हलकें असतें, पण दांडी व खुंट्या जड. त्यामुळें पट्टा खांद्यावर घालून हात सोडले तर कांहीं वाद्यांचा माथा जमिनीकडे झुकतो. अशी दांडी डाव्या हातानें सतत सांवरावी लागते व मनगट दुखूं लागतें. म्हणून बसून वाजवून समाधान मानूं नये. उभें राहून पांच मिनिटें वाजवावें.

चौथी पारख दांडीची. ती पिळलेली नसावी. प्रत्येक तारेवर प्रत्येक पडद्यावर एकेक सूर वाजवून पाहावा. कोठें सूर एकाएकीं मरत असेल किंवा तार खडखडत असेल तर तें कारण समजेपर्यंत पैसे देऊं नयेत. दांडीच्या आंत ट्रस रॉड नांवाची लोखंडी सळई असते. ती फिरते कीं नाहीं हें विक्रेत्याकडून पाहून घ्यावें.

रंग, चकचकीत पितळी साज आणि नामवंत कंपनीचें नांव यांचा विचार या चारांनंतर करावा. शक्य असेल तर आपल्याच ॲम्प्लिफायरवर वाद्य ऐकावें. कारण लहान ध्वनिक्षेपकांतून ४१ कंपनांचा सूर नीट निघत नाहीं, आणि तो दोष विनाकारण गिटारीच्या माथीं मारला जातो.

३. फेरफाराचा क्रम

आपल्या तंबोऱ्याकडे पाहा. घोडीवर तारेखालीं सुताचा एक बारीक धागा असतो. तो केसभर पुढेंमागें सरकविला कीं सुराची जात बदलते. भोपळ्यास कोणी हात लावीत नाहीं. मिरजेच्या तंबोऱ्यास जो न्याय तोच या परदेशी वाद्यास लावावा : जो बदल पुन्हां मागें घेतां येतो तो आधीं करून पाहावा.

पहिला बदल तारांचा. गुळगुळीत, चपट्या वेढ्याच्या तारांनीं आवाज गोल व जुन्या डबल बेसाजवळचा होतो; गोल वेढ्याच्या तारांनीं तो खणखणीत होतो. आंखूड गिटारीस आंखूड मापाचाच संच घ्यावा. लांब तारेचा जाड भाग कापून खुंटीस गुंडाळल्यास वेढे सुटण्याचा धोका असतो. ई तार फार सैल वाटत असेल तर ती एक क्रम अधिक जाड घ्यावी.

दुसरा बदल दांडीचा व घोडीचा. तार पहिल्या व शेवटच्या पडद्यावर एकाच वेळीं दाबली असतां मध्यभागीं, सातव्या पडद्याजवळ, जाड कागद जाईल इतकी फट असावी. फट अधिकउणी असेल तर ट्रस रॉड एका वेळीं पाव फेराच फिरवावा व वाद्यास कांहीं वेळ स्थिर होऊं द्यावें. त्यानंतर घोडीची उंची. शेवटीं बाराव्या पडद्याची परीक्षा : तेथें तारेस नुसता स्पर्श करून काढलेला सूर व तार दाबून काढलेला सूर एकच यावा. दाबलेला सूर चढा असेल तर घोडीचा त्या तारेखालील तुकडा मागें सरकवून तार लांब करावी. उतरा असेल तर पुढें आणावा.

तिसरा बदल पिकअपच्या उंचीचा. पिकअप तारेच्या फार जवळ आला तर चुंबक तारेस ओढतो व सूर डळमळतो. फार दूर गेला तर आवाज क्षीण होतो. एका बाजूचा स्क्रू वर व दुसऱ्या बाजूचा खालीं करून चारही तारांचा आवाज सारखा करितां येतो.

चौथा बदल विजेच्या जोडणीचा. आवाजाच्या कळींत जो पॉट असतो तो २५० किलोओहमचा असल्यास सूर कांहींसा मऊ येतो, ५०० चा असल्यास तेज अधिक राहतें. टोनच्या कळीवरील कपॅसिटर ०.०२२ मायक्रोफॅरडऐवजीं ०.०४७ चा घातला तर कळ उतरविल्यावर वरचे सूर अधिक कापले जातात. कळ पूर्ण उघडी असतां या बदलाचा परिणाम फारसा जाणवत नाहीं. हे सुटे भाग थोड्या पैशांत मिळतात, पण अर्धपोकळ वाद्यांत ते बसविणें हें चिकाटीचें काम आहे. कारण मागें झांकण बहुधा नसतें व सर्व जोडणी एफ् भोंकांतूनच आंत-बाहेर करावी लागते. म्हणून भाग काढण्यापूर्वीं प्रत्येक पॉटच्या दांड्यास मजबूत दोरा बांधावा, म्हणजे त्या दोऱ्यानें तो पुन्हां आपल्या छिद्रांत ओढून घेतां येतो. जोडणीचें छायाचित्र आधीं घेऊन ठेवावें. घोडीकडे जाणारी जमिनीची तार तुटूं देऊं नये; ती सुटल्यास गुणगुण वाढते. ॲम्प्लिफायर मात्र मुलांनीं कधींही उघडूं नये. बटण बंद केल्यावरही त्यांत घातक विद्युत्भार राहूं शकतो.

नवा पिकअप घेणें हा पांचवा बदल, आणि तोही जुन्याच जागेंत बसणारा असावा. दांडीजवळच्या पिकअपचा आवाज खोल व जाड, घोडीजवळच्याचा बारीक व स्पष्ट. कारण घोडीजवळ तारेचें मूळ कंपन फार थोडें हलतें. केवळ या स्पष्टतेसाठीं लाकूड कापून दुसरा पिकअप बसविण्याचा मोह होतो. तो सर्वांत शेवटचा उपाय समजावा.

माझ्या एका माजी विद्यार्थ्यानें पहिल्या कमाईंतून जुनी अर्धपोकळ बेस गिटार घेतली. ई तार गुरगुरते, बाकीच्या ऐकूं येत नाहींत, अशी त्याची तक्रार होती. आणि घोडीजवळ खांच पाडून नवा पिकअप घालावा असें मित्रांनीं ठरवूनही टाकिलें होतें. मीं त्यास एक आठवडा थांबावयास सांगितलें. त्या आठवड्यांत त्यानें नव्या तारा घातल्या, दांडीचा बांक सुधारला, पिकअप ई तारेखालीं उतरवून जी तारेखालीं चढविला, आणि प्रत्येक बदलानंतर तेंच एक गीत वाजवून पाहिलें. चारही तारा स्पष्ट झाल्या. खर्च तारांच्या संचापुरताच आला. ई तारेची थोडी सैलपणाची खोड राहिली ती राहिलीच, कारण ती ३०॥ इंचांची खोड होती. करवत चालविली असती तरी ती गेली नसती.

४. थोरांचें उदाहरण

कोणी म्हणेल, मोठमोठ्या वादकांनीं आपलीं वाद्यें कापलींच कीं नाहीं? कापलीं, हें खरें. अमेरिकेंतील गिल्ड कंपनीनें १९६५ सालीं स्टारफायर नांवाची अर्धपोकळ बेस गिटार काढिली. तिचा पिकअप स्वीडनच्या हॅगस्ट्रॉम कारखान्याचा होता. सॅन फ्रान्सिस्कोकडील दोन वादक, जॅक कॅसडी व फिल लेश, यांनीं आपापल्या स्टारफायर गिटारी १९६९ च्या सुमारास अलेम्बिक या मंडळीकडे सोंपविल्या. तेथील रॉन विकरशॅम व रिक टर्नर यांसारख्या जाणत्यांनीं त्यांत नवे पिकअप व नवी विद्युत्रचना घातली. परंतु हे लोक तंत्रज्ञ होते, आणि काय मोजावयाचें आहे हें जाणून कापीत होते. शिवाय पुढें काय झालें तेंही पाहावें. फेरफार वाढत गेले तेव्हां १९७२ सालीं त्यांनीं कॅसडी यांच्यासाठीं मुळापासून नवीनच वाद्य घडविलें. आणि १९९७ सालीं एपिफोन कंपनीनें कॅसडी यांच्या नांवानें जी अर्धपोकळ बेस गिटार काढिली तिची लांबी ३४ इंच असून तिच्यांत पिकअप एकच आहे. इतक्या प्रयोगांनंतरही त्यांनीं योग्य लांबी, योग्य अंग आणि एक चांगला पिकअप एवढेंच राखिलें.

पालकांस एक विनंती आहे. वाद्यासाठीं जी रक्कम ठरविली असेल तिच्यांतूनच नव्या तारांच्या एका संचाचे व कारागिराकडून एकदां वाद्य नीट लावून घेण्याचे पैसे आधीं बाजूस काढावे, आणि उरलेल्यांत वाद्य निवडावें. काढलेले सर्व जुने भाग, स्क्रूसुद्धां, एका डबींत नांव लिहून ठेवण्याची मुलांस संवय लावावी. मूल उद्यां दुसऱ्या वाद्याकडे वळलें तर मूळ स्थितींतील गिटार दुसऱ्या एखाद्या विद्यार्थ्याच्या उपयोगीं पडेल.

अभ्यासासाठीं प्रश्न

(१) ३४ इंच लांबीवर तारेचा ताण ४० पौंड असेल, तर तीच तार त्याच सुरांत ३२ इंचांवर लावल्यास ताण किती होईल? (उत्तर : सुमारें ३५ पौंड.)

(२) मधल्या ठोकळ्यानें घोंघावणें कां कमी होतें, हें आकृति काढून समजावून द्या.

(३) आपल्या घरीं किंवा शेजारीं असलेलें कोणतेंही तंतुवाद्य घेऊन, त्यांतील कोणते भाग बदलतां येतील व कोणते येणार नाहींत, यांची दोन रकान्यांत यादी करा.