घरच्या फाइल सर्व्हरची नवी मांडणी : साठवण आणि बॅकअपचे नियोजन



फोटो, मुलांची प्रमाणपत्रे, आपल्या पाठांचे व्हिडिओ हे सगळे घरातल्या एकाच सर्व्हरवर ठेवणारी कुटुंबे आता बरीच आहेत. डिस्क भरत आली की मोठी डिस्क घ्यायची, एवढाच विचार आपण करतो. पण डिस्क घेण्याआधी वही-पेन घेऊन बसायला हवे.

पायरी १ : वर्गवारी करा

• अ गट – पुन्हा न मिळणारे : फोटो, कागदपत्रे, आजी-आजोबांचे आवाज. समजा ५०० जीबी.
• आ गट – मेहनतीने पुन्हा करता येईल असे : पाठांचे व्हिडिओ, टिपणे. ३०० जीबी.
• इ गट – परत डाउनलोड होणारे : चित्रपट, बालभारतीच्या पुस्तकांच्या पीडीएफ. २०० जीबी.

तीन गटांसाठी तीन वेगळे मुख्य फोल्डर ठेवा. पुढचे सगळे नियोजन त्यामुळे सोपे जाते.

पायरी २ : गणित मांडा

आजचा साठा १००० जीबी. दरवर्षी २०० जीबी वाढ धरली तर ५ वर्षांत २००० जीबी. डिस्कचा २० टक्के भाग मोकळा ठेवायचा, म्हणून २००० ÷ ०.८ = २५०० जीबी. म्हणजे ४ टीबीची डिस्क पुरेल. मात्र ४ टीबीची डिस्क विंडोजवर साधारण ३.६३ टीबी दिसते. यात फसवणूक नाही. कंपनी १००० च्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या पटीत.

पायरी ३ : डिस्कची रचना ठरवा

• रेड १ : दोन डिस्कवर तोच मजकूर. ४ टीबीच्या दोन डिस्क, वापरायला ४ टीबी. एक बिघडली तरी काम चालू.
• रेड ५ : किमान तीन डिस्क. ४ टीबीच्या तीन घेतल्या तर वापरायला ८ टीबी. इथेही एकच डिस्क गेलेली चालते.

आपल्या उदाहरणाला रेड १ पुरते.

आता सर्वांत महत्त्वाचे : रेड म्हणजे बॅकअप नव्हे! मुलाने चुकून फोल्डर पुसला तर तो दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी जातो. व्हायरसने फाइली कुलूपबंद केल्या, वीज कोसळली, चोरी झाली, तरी दोन्ही एकदमच जातात. रेडमुळे काम थांबत नाही, पण गेलेले परत आणायला बॅकअपच लागतो.

पायरी ४ : ३-२-१ चा नियम

३ प्रती, २ वेगळ्या साधनांवर, त्यांतली १ घराबाहेर. रेडच्या दोन डिस्क मिळून एकच प्रत धरायची.

• पहिली प्रत : सर्व्हर.
• दुसरी : बाहेरची यूएसबी डिस्क. दर रविवारी जोडायची, अ आणि आ गट उतरवायचा, लगेच काढून कपाटात. कायम जोडलेली राहिली तर व्हायरस तिलाही सोडत नाही.
• तिसरी : फक्त अ गट, क्लाउडवर किंवा गावी नातेवाइकांकडे ठेवलेल्या डिस्कवर. पासवर्ड लावा आणि तो कागदावरही लिहून ठेवा.

पायरी ५ : बदल करताना क्रम पाळा

१. आधी पूर्ण बॅकअप घ्या.
२. त्यातल्या दहा-बारा फाइली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा.
३. नव्या डिस्कवर रेड तयार करा. यात डिस्कवरचे सगळे पुसले जाते, म्हणून जुनी डिस्क त्या वेळी काढूनच ठेवा.
४. मजकूर उतरवा, फाइलींची संख्या आणि आकार ताडून पाहा.
५. जुनी डिस्क निदान महिनाभर तशीच ठेवा.

लाइट जाण्याचा त्रास असेल तिथे सर्व्हरला यूपीएस हवाच.

मुलांसाठी स्वाध्याय

१. इंटरनेटचा अपलोड वेग २० एमबीपीएस असेल तर ५०० जीबी क्लाउडवर चढायला किती तास लागतील? (१ बाइट = ८ बिट. उत्तर : साधारण ५६ तास.)
२. आपल्या घरातल्या अ गटाची यादी करा. त्यातल्या किती गोष्टींची आज एकच प्रत आहे?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पालकांनी मुलांसोबत बसून लिहावे. बॅकअपची सुरुवात त्याच यादीपासून करा.