खासगी आरोग्य विमा आणि सार्वजनिक आरोग्यसेवा

टिटवाळा म्हटले की महागणपतीचे मंदिर आणि अंगारकीची गर्दी डोळ्यांपुढे उभी राहते. परंतु या स्थानकावर पहाटेपासून जी दुसरी गर्दी असते, ती नोकरदारांची. मोठे दुखणे आले की ही कुटुंबेही शहाड, आंबिवली ओलांडून कल्याण, ठाणे वा मुंबई गाठतात. यांपैकी अनेकांपाशी आता खासगी आरोग्य विम्याची पॉलिसी असते, आणि ती हाती आली की सरकारी दवाखान्याशी आपला संबंध संपला, अशी समजूतही सोबत येते.

ही समजूत तपासून पाहण्याजोगी आहे. विमा हा पैशाचा करार आहे. रुग्णालयात दाखल झाल्यावर होणारा खर्च तो ठरलेल्या अटींवर भरून देतो. जवळ रुग्णालय नसेल तर ते उभारून देत नाही. काळू नदीकाठच्या एखाद्या गावी रात्री सर्पदंश झाला, तर प्रथम उपयोगी पडते ती १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका, गोवेलीचे ग्रामीण रुग्णालय किंवा उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय. बालकांचे लसीकरण, क्षयरोग्यांचा शोध व औषधोपचार, डासांचा बंदोबस्त ही कामे सहसा पॉलिसीत बसत नाहीत. ती सार्वजनिक यंत्रणेनेच करावयाची असतात.

सर्वसाधारण विमा व्यवसायाचे राष्ट्रीयीकरण १९७३ मध्ये अमलात आले. त्या काळातील सरकारी कंपन्यांनी १९८६ मध्ये ‘मेडिक्लेम’ आणला. १९९९ च्या कायद्यानंतर खासगी कंपन्यांना दार खुले झाले. राज्यात २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून ओळखली जाते. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने तिचे संरक्षण दर कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत वाढले आणि पांढऱ्या शिधापत्रिकेची कुटुंबेही तिच्या कक्षेत आली. नोकरदार वर्गाला अजून हे ठाऊक नसते, हे नवलच.

मात्र ही योजना ठरावीक उपचारांसाठी व अंगीकृत रुग्णालयांपुरती आहे. आजार यादीत नसेल किंवा निवडलेले रुग्णालय अंगीकृत नसेल, तेथे खासगी विम्याचा खरा उपयोग होतो.

फसगत होते ती पॉलिसी न वाचल्याने. समजा, विमा रक्कम ३ लाख रुपये आहे आणि खोलीभाड्याची मर्यादा तिच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला ३ हजार रुपये आहे. रुग्णाने ६ हजारांची खोली घेतली व तो पाच दिवस राहिला. भाडे झाले ३० हजार. कंपनी देणार १५ हजार. येथवर लोकांना समजते. परंतु अशा अनेक पॉलिसींत डॉक्टरांचे शुल्क व शस्त्रक्रियागृहाचा खर्चही त्याच प्रमाणात कापला जातो. तो ८० हजार असेल तर मिळणार ४० हजार. एका खोलीच्या निवडीपायी कुटुंबाला पदरचे ५५ हजार रुपये भरावे लागतात. औषधे आणि अतिदक्षता विभाग यांना ही कपात लागू नाही. रुग्णालयाच्या खिडकीपाशी उभे राहून हा हिशेब उमगण्यात अर्थ नाही. पॉलिसी घेतानाच मर्यादा विचारावी.

दुसरी अडचण पूर्वीच्या आजारांची. मधुमेह वा रक्तदाब प्रस्तावात लपविल्यास पुढे दावा नाकारला जाऊ शकतो. तो सांगितल्यास प्रतीक्षा करावी लागते, पण २०२४ च्या नियमांनुसार ती ३६ महिन्यांपलीकडे नेता येत नाही. म्हणूनच प्रकृती धड असतानाच विमा उतरविणे हिताचे. वैयक्तिक आरोग्य विम्यावरील वस्तू व सेवा करही २२ सप्टेंबर २०२५ पासून उठला आहे.

शिक्षक व पंचायत सदस्य यांच्याकडे पुष्कळदा दावा फेटाळल्याचे पत्र घेऊन लोक येतात. अशा वेळी प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावयास सांगावे व पोच जपून ठेवावी. ३० दिवसांत उत्तर न आल्यास किंवा आलेले उत्तर न पटल्यास एक वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. तेथे शुल्क नाही, वकीलही लागत नाही.