पिल्लू : नर की मादी?

कुत्र्याचे पिल्लू घरी आणले की त्याचे नाव ठेवण्याची घाई होते, आणि नावासाठी ते नर आहे की मादी हे प्रथम ठरवावे लागते. धार व देवास येथील मराठी घरांत याबाबतीत एक गंमत आहे. घरात आपण 'ते पिल्लू' असे नपुंसकलिंगी म्हणतो. तेच उंबरठ्याबाहेर गेले की बाजारच्या हिंदीत 'पिल्ला' होऊन, कोणी न पाहताच, पुल्लिंगी ठरते! आम्हांस मराठीचा सावधपणा अधिक शास्त्रीय वाटतो. तथापि फार काळ थांबण्याचेही कारण नाही. कुत्र्यामध्ये ही खूण जन्मतःच दिसते.

पिल्लाला नुकतेच दूध पाजले असेल तर त्याला हाताळू नये. आपले हात गार नसावेत. मांडीवर मऊ फडके पसरून, डोके व पाठ यांस आधार देऊन, त्याला क्षणभर उताणे धरावे. पोटाच्या मध्यावर दिसतो तो बेंबीचा व्रण. तो बंद असतो व नर-मादी दोघांनाही असतो. नवशिके हमखास फसतात ते येथेच. बेंबीच्या थोडे मागे, पोटावरच, दुसरा लहान उंचवटा असून त्याच्या टोकाशी छिद्र व बहुधा चार केस दिसले, तर ते पिल्लू नर होय. असा उंचवटा नसेल, आणि शेपटीखाली गुदद्वाराच्या खालच्या बाजूस, मागच्या पायांमध्ये, पानाच्या आकाराची लहानशी घडी असेल, तर ती मादी.

स्तनाग्रांवरून काहीच ठरत नाही. ती नरासही असतात. बसून लघवी करते म्हणून मादी, हाही समज चुकीचा आहे. लहान नर बसूनच लघवी करतो. पाय वर करण्याची सवय वयात येताना लागते. वृषण हातास लागत नाहीत एवढ्यावरूनही मादी ठरवू नये. ते जन्मानंतर खाली उतरतात, बहुधा दोन महिन्यांपर्यंत. सहा महिन्यांनंतरही न उतरल्यास मात्र पशुवैद्यास दाखवावे, कारण पोटात राहिलेल्या वृषणात पुढे गाठ होण्याचा धोका अधिक असतो.

ही ओळख केवळ नावापुरती नाही. 'मादी निघाली' म्हणून पिल्लू पुन्हा रस्त्यावर सोडणारे लोक आपल्या आळीतही असतात. दोन महिन्यांच्या आतले, आईपासून तुटलेले पिल्लू तेथे सहसा जगत नाही. वस्तुतः इंद्राच्या गाईंचा शोध लावणारी ऋग्वेदातील सरमा ही कुत्रीच होती, आणि संस्कृतात कुत्र्यास 'सारमेय' म्हणतात ते या आईच्या नावावरून. पुढे पिल्ले होतील ही भीती खोटी नव्हे. कुत्री सुमारे त्रेसष्ट दिवसांत विते. परंतु त्यावर शस्त्रक्रियेचा उपाय आहे, आणि तो नरासही लागू आहे. तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस टोचण्यास न्याल तेव्हाच पशुवैद्यास तिची योग्य वेळ विचारावी व लसीच्या कार्डावर नर की मादी याची नोंद करून घ्यावी.