आंबोलीचा सडा आणि बेडकांचा हिशेब

बेळगावहून सावंतवाडीकडे जाताना सह्याद्रीच्या माथ्यावर, सुमारे ७०० मीटर उंचीवर, आंबोली लागते. तेथील जांभ्या खडकाच्या सपाट माळाला सडा म्हणतात. उन्हाळ्यात तो काळपट व ओसाड दिसतो. पीक न येणारी अशी जमीन सातबाऱ्यावर ‘पोटखराबा’ ठरते, म्हणजे व्यवहारात तिची किंमत जवळजवळ शून्य! वाणिज्य शाखेचा विद्यार्थी असल्याने मला या शून्याचेच कुतूहल वाटले. जूनच्या आरंभी आम्ही तिघे मित्र तेथे तीन दिवस राहिलो. कानडी मित्राच्या वहीत ‘कप्पे’ आणि माझ्या वहीत ‘बेडूक’, एवढाच काय तो आमच्या नोंदींतला फरक.

पहिल्या सरींनी सड्यावरील खळगे भरले की तेथे आंबोली भेक जमतो. तपकिरी अंग आणि कुशीवर वाघासारखे पिवळे पट्टे, ही त्याची खूण. डॉ. एस. डी. बिजू आणि सहकाऱ्यांनी २००९ साली या जातीचे प्रथम वर्णन केले. ती आंबोलीच्या आसपासच्या टापूतच ज्ञात असून तिचे अस्तित्व धोक्यात आहे.

हा भेक मोठे तळे सोडून उथळ डबके का निवडतो? कारण डबक्यात मासे नसतात. उथळ पाणी लवकर तापते आणि उबेत भैकेर, म्हणजे बेडकाची पिले, झपाट्याने वाढतात. हा झाला नफा. जोखीम एकच, पाणी आटण्याची. आम्ही पट्टीने मोजलेल्या एका खळग्यात पहिल्या दिवशी २ सेंटिमीटर पाणी होते. पावसाने उघडीप दिली आणि तिसऱ्या दिवशी कडेची अंडी खडकाला चिकटून सुकली. आपल्या घराजवळचा साधा भेक हजारो अंडी घालतो. आंबोली भेकाची अंडी मोजकीच असतात. त्यामुळे तोटा सोसण्याची त्याची ऐपत कमी.

ही जोखीम इतर जातींनी वेगळ्या रीतीने टाळली आहे. मलबारी उडता बेडूक पाण्यावर झुकलेल्या फांदीवर फेसाचे घरटे करतो; पिले त्यातून खाली पाण्यात पडतात. आंबोलीच्या झुडपी बेडकाचे पिलू तर अंड्यातच पूर्ण वाढून चिमुकला बेडूक होऊनच बाहेर येते. त्याला डबके लागतच नाही. सड्यावरच्या भेकाला मात्र डबक्यावाचून गत्यंतर नाही.

म्हणून सड्यावर उभी केलेली मोटार किंवा सपाटीकरणासाठी टाकलेला भराव ही किरकोळ बाब नव्हे. एका चाकाखाली एका जोडीची वर्षाची सारी ठेव बुडू शकते.

निरीक्षणास जाणाऱ्यांनी वाहन डांबरी रस्त्यावरच ठेवावे, पाऊल कोरड्या खडकावर टाकावे, अंडी वा प्राणी हाताळू नयेत आणि विजेरीचा झोत फार वेळ रोखू नये. वही, पट्टी व घड्याळ एवढे साहित्य पुरते. तारीख, पाऊस आणि पाण्याची खोली रोज लिहावी. अशा नोंदी वर्षानुवर्षे जमल्या, तरच ‘पोटखराबा’ या शब्दाखाली काय काय जगते ते दाखविता येईल.