गाजरगवत आणि त्वचेचे रक्षण

पाठाची ओळख

सुरळीत चाललेल्या कामात कोणी विघ्न आणले, की ‘त्याने मध्येच बिब्बा घातला’ असे आपण म्हणतो. ज्याच्या अंगाला कधी बिब्ब्याचे तेल लागले असेल, त्याला या वाक्प्रचारातील दाहकता वेगळी समजावून सांगावी लागत नाही. वनस्पती मुकी असते, परंतु निरुपद्रवी असतेच असे नाही. शेतात, बागेत, रस्त्याच्या कामावर किंवा रानात राबणाऱ्या माणसाला तिच्याशी रोजच संबंध येतो. या संबंधातून उद्भवणाऱ्या एका त्वचारोगाचा परिचय आपण या पाठात करून घेणार आहोत. हा रोग कसा जडतो, तो कसा ओळखावा, त्यापासून स्वतःचे रक्षण कसे करावे आणि तो झालाच तर काय करावे, हे तुम्हांला हा पाठ वाचल्यावर सांगता यावे, अशी अपेक्षा आहे.

मूळ पाठ

उत्तर अमेरिकेत ‘पॉयझन आयव्ही’ नावाची तीन-तीन पानांची एक वेल आढळते. तिच्या सर्वांगात ‘उरुशिऑल’ नावाचे तेल असते. ते त्वचेला लागले, की एक-दोन दिवसांत लाल चट्टे उठतात, पाण्याने भरलेले फोड येतात आणि असह्य खाज सुटते. ही वेल आपल्या शेतांत आढळत नाही. मात्र तिचे कुळ आपल्या चांगल्या परिचयाचे आहे. आंबा, काजू आणि बिब्बा ही झाडे त्याच कुळातील होत. आंबा उतरवताना चीक उडून गालावर पडलेला डाग, कोकणात व गोव्यात काजूबिया फोडणाऱ्या स्त्रियांची टरफलातील तेलाने सोलवटलेली बोटे आणि अंगावर उतलेला बिब्बा ही एकाच घराण्याची देणगी आहे. बिब्ब्यातील गोडंबी आपण आवडीने खातो, पण तिच्यावरच्या कवचातील काळे तेल कातडी जाळते. पूर्वी धोबी याच तेलाने कपड्यांवर खुणा करीत, कारण ती खूण धुतली तरी जात नसे. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकी सैनिकांच्या अंगावर, कपड्यावरील खूण जिथे टेकत असे नेमके त्याच जागी, पुरळ उठू लागले. तपासाअंती दोष धोब्याच्या शाईचा निघाला.

बिब्ब्याला निदान लोक ओळखतात. ज्या वनस्पतीविषयी येथे अधिक सांगायचे आहे ती इतकी सामान्य दिसते, की तिच्याकडे कोणी वळूनही पाहत नाही. ती म्हणजे गाजरगवत. पाने गाजराच्या पानांसारखी कातरलेली, म्हणून हे नाव. पांढऱ्या टोप्यांसारख्या दिसणाऱ्या फुलांमुळे काही लोक त्याला ‘काँग्रेस गवत’ही म्हणतात. वास्तविक ते गवत नव्हेच. ते शेवंती व सूर्यफूल यांच्या कुळातील झुडूप आहे आणि त्याचे मूळ स्थान अमेरिका खंडाच्या उष्ण भागात आहे. भारतात या तणाचा उपद्रव प्रथम १९५० च्या दशकात पुण्यात लक्षात आला. अमेरिकेतून आयात केलेल्या गव्हाबरोबर त्याचे बी आले, असे बहुतेक जण सांगतात. परंतु गव्हाच्या आयातीचा भारत-अमेरिका करार १९५६ मध्ये झाला आणि ही वनस्पती त्यापूर्वीही देशात असल्याच्या नोंदी आहेत. तेव्हा सारा दोष त्या गव्हाच्या माथी मारणे तितकेसे बरोबर नाही. आज हे तण काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत पसरलेले आहे. तुम्ही इंदूरला असा, बेळगावला असा की दिल्लीला, घराबाहेरच्या पहिल्याच मोकळ्या जागेत ते तुम्हांला दिसण्याचा संभव आहे. उगवल्यापासून साधारण महिनाभरात ते फुलते आणि एकेक रोप हजारो बिया टाकते.

गाजरगवताच्या पानांवर व खोडावर बारीक लव असते. तिच्यात ‘पार्थेनिन’ नावाचे द्रव्य असते आणि रोगाचे कारण मुख्यतः तेच. येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. हे द्रव्य विषाप्रमाणे प्रत्येकाला सारखेच बाधत नाही. काही माणसांचे शरीर दीर्घ संपर्कानंतर त्याला शत्रू मानू लागते. आठ-दहा वर्षे तण उपटणाऱ्या मजुराला काहीच होत नाही आणि मग एका वर्षी अचानक खाज सुरू होते. ‘आजवर कधी झाले नाही, आताच कसे होईल?’ हा त्याचा प्रश्न स्वाभाविक असला तरी निष्कर्ष चुकीचा असतो. शरीराने एकदा का वैर धरले, की ते बहुधा सुटत नाही. त्यानंतर अल्पसा संपर्कही पुरतो.

दुसरी अडचण अशी, की पुरळ लगेच उठत नाही. ते एक-दोन दिवसांनी उठते. सोमवारी बांध साफ केला आणि बुधवारी पापण्या सुजल्या, तर माणूस बुधवारच्या जेवणातील वांग्याला दोष देतो. कोणी ‘उष्णता झाली’ म्हणतो, तर कोणी ‘पित्त उठले’ म्हणतो. पित्ताच्या गांधी बहुधा काही तासांत मावळतात. हे चट्टे मात्र दिवसेंदिवस राहतात, त्यांतून पाणी झरते, खपल्या धरतात. शिवाय रोप हाताने उपटावेच लागते असेही नाही. वाळलेल्या पानांची भुकटी वाऱ्याबरोबर उडते आणि उघड्या त्वचेवर बसते. म्हणून पापण्या, चेहरा, मान, गळा, कोपरांचे व गुडघ्यांचे खळगे या जागा आधी धरतात. वर्षानुवर्षे उपचार न झाल्यास चेहऱ्याची कातडी जाड, काळपट व सुरकुतलेली होते. काही रुग्णांना पुढे ऊनदेखील सोसवत नाही. आणि शेतमजुराला ऊन सोसवत नाही याचा अर्थ त्याची रोजी बुडाली. एवढ्यावर भागत नाही. जाड झालेला चेहरा पाहून लोक भलत्याच रोगाची शंका घेतात, पंक्तीला बसवून घ्यायला कचरतात. हा रोग स्पर्शाने एकाचा दुसऱ्याला होत नाही. फोडांतील पाण्यानेही तो पसरत नाही. त्याचा आणि कुष्ठरोगाचा काहीही संबंध नाही.

पाठगत प्रश्न : १) गाजरगवताचा त्रास पहिल्याच वर्षी का जाणवत नाही? २) पित्ताच्या गांधी आणि हे चट्टे यांत कोणता फरक आहे?

आता प्रतिबंधाकडे वळू. तण काढायचे ते फुले येण्यापूर्वी आणि शक्यतो पाऊस पडून जमीन मऊ झाल्यावर. त्या वेळी ते मुळासकट येते आणि भुकटीही कमी उडते. हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, पायांत बूट आणि नाकातोंडावर घट्ट बांधलेला रुमाल एवढी तयारी हवी. मोजे नसतील तर प्लास्टिकच्या पिशव्या हाताला बांधाव्यात. मोकळ्या हातापेक्षा तेही बरे. स्वच्छता मोहिमेच्या नावाखाली शाळकरी मुलांच्या रांगा लावून त्यांच्याकडून उघड्या हातांनी गाजरगवत उपटून घेण्याची प्रथा काही ठिकाणी दिसते. हेतू कितीही चांगला असला तरी ही प्रथा बंद व्हायला हवी. उपटलेले तण अंगणात वाळत टाकू नये; फुले आली नसतील तर ते खड्ड्यात पुरून त्याचे खत करता येते. काम संपताच साबण लावून भरपूर पाण्याने स्नान करावे, कामाचे कपडे वेगळे धुवावेत, विळा-खुरपेही धुऊन ठेवावे. ओले कपडे तणाने माजलेल्या कुंपणावर वाळत घालण्याची सवय मात्र मोडावी, नाहीतर धुण्याचा उपयोगच काय?

ज्याला एकदा हा त्रास झाला आहे, त्याने तण काढण्याचे काम घेऊच नये. मोज्यांनी हात वाचतील, चेहरा वाचणार नाही. मुकादमाला हे स्पष्ट सांगावे. त्यात कामचुकारपणा नाही. अशा काही माणसांना शेवंतीसारख्या त्याच कुळातील फुलांचाही त्रास होतो, म्हणून फुलांच्या व्यवसायातील लोकांनी विशेष जपावे.

पुरळ उठलेच तर प्रथम ती जागा साध्या पाण्याने स्वच्छ धुवावी, थंड पाण्यात भिजवलेल्या फडक्याच्या घड्या ठेवाव्यात, नखे कापून घ्यावीत आणि फोड फोडू नयेत. चुना, रॉकेल, निरनिराळ्या पाल्यांचे लेप हे प्रयोग आधीच दुखावलेल्या त्वचेवर करू नयेत. औषधाच्या दुकानातून ‘खाजेची ट्यूब’ आणून लावणे हा सर्वांत सोपा आणि म्हणूनच सर्वांत धोक्याचा मार्ग. अशा पुष्कळ मलमांत स्टेरॉइड हे प्रभावी औषध असते. डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात व सांगितलेल्या दिवसांपुरते वापरल्यास ते गुणकारी ठरते. पण चेहऱ्यावर महिनोन्महिने चोळल्यास कातडी पातळ होते. खाज शमवणाऱ्या काही गोळ्यांनी झोप येते, म्हणून त्या घेऊन विहिरीच्या काठावर किंवा मळणीयंत्रापाशी काम करू नये. डोळे मिटण्याइतकी सूज, श्वास लागणे, ताप किंवा पू दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर पट्ट्या चिकटवून एक चाचणी करतात आणि नेमके कोणते द्रव्य बाधते ते ठरवतात. जुनाट रोगात पोटात घेण्याची प्रभावी औषधेही देतात. परंतु ती चालू असताना वेळोवेळी रक्त तपासावे लागते.

या तणाचा समूळ नाश करण्याचे प्रयत्नही झाले. १९८४ मध्ये बेंगळुरूला मेक्सिकोतून आणलेले लहान भुंगे सोडण्यात आले. हे भुंगे व त्यांच्या अळ्या गाजरगवताची पाने खाऊन फस्त करतात. पुढे ते अनेक राज्यांत पसरले. पण ते मुख्यतः पावसाळ्यात जागे असतात. उरलेला बराच काळ मातीत दडून राहतात आणि त्या अवधीत तण पुन्हा डोके वर काढते. पडीक जागेत टाकळ्याचे बी फेकल्यास टाकळा दाट वाढून गाजरगवताला वाव देत नाही, हा अनुभवही उपयोगी आहे. त्याची कोवळी भाजी मिळते, हा वरचा लाभ. ऑगस्टच्या १६ ते २२ या तारखांना देशभर गाजरगवत जागृती सप्ताह पाळला जातो. तुमच्या गावात किंवा वस्तीत कोणी पुढाकार घेतला, तर मोजे आणि रुमाल यांची सोय आधी करावी.

शब्दार्थ

उतणे – (बिब्बा) अंगावर फुटून फोड येणे. लव – बारीक, मऊ केस. गांधी – अंगावर उठणारे लालसर उंचवटे. मुकादम – मजुरांवर देखरेख करणारा.

स्वाध्याय

१) ‘बिब्बा घालणे’ या वाक्प्रचाराचा अर्थ सांगून स्वतःच्या वाक्यात उपयोग करा.
२) पूर्वी त्रास झालेल्या मजुराने हातमोजे घालूनही तण का काढू नये, ते चार-पाच वाक्यांत लिहा.
३) तुमच्या परिसरातील गाजरगवत काढण्यासाठी आवश्यक साहित्य मिळावे, अशी विनंती करणारे पत्र ग्रामपंचायतीला किंवा नगरपालिकेला लिहा.