बाळ कधी चालू लागते? वाट किती पाहावी?

कुंभकोणमच्या मराठी घरांत आजी ज्याला पांगुळगाडा म्हणते, त्यालाच शेजारचे तमिळ घर नडैवंडी म्हणते. ही तीन चाकांची लाकडी गाडी बाळ स्वतःच्या पायांवर उभे राहून ढकलते. तोल त्यालाच सांभाळावा लागतो. धरून उभे राहू लागलेल्या बाळाला ती आपल्या देखरेखीखाली अवश्य द्यावी. आत बसवायचा गोल वॉकर मात्र विकत घेऊ नये. त्यात बाळ चवड्यांनी जमीन रेटते, त्याने चालणे लवकर येत नाही, उलट पायरीवरून कोसळण्याची भीती असते. कॅनडाने २००४ मध्ये त्याच्या विक्रीवर बंदीच घातली.

जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतील निरोगी बालकांचे निरीक्षण केले, तेव्हा आधाराविना चालण्याचे वय सुमारे ८ ते १८ महिने असे आढळले. काही बाळे तर रांगलीच नाहीत. दहाव्या महिन्यात चालणारे बाळ सोळाव्यात चालणाऱ्यापेक्षा हुशार असते, असे नाही. शेजारच्या बाळाशी तुलना नको. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे वय प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजावे.

मात्र अठरा महिने पूर्ण होऊनही बाळ स्वतंत्रपणे चालत नसेल, तर तपासणी करून घ्यावी. ‘याचे वडीलही उशिराच चालले’ हे खरे असेलही. पण खुब्याचा निखळलेला सांधा, मुडदूस, थायरॉइडची कमतरता किंवा स्नायूंचा आजार घरच्या नजरेला ओळखता येत नाही, आणि उपचार जितके लवकर तितका लाभ अधिक.

पुढील बाबतींत अठरा महिन्यांचीही वाट पाहू नये : नऊ महिन्यांनंतरही आधाराविना बसता न येणे, अंग फार ताठ किंवा फार सैल असणे, वर्षाच्या आतच एकच हात वापरणे, लंगडणे. येत असलेली हालचाल बाळ विसरू लागले, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावे.

प्रथम अंगणवाडी सेविकेला किंवा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातील परिचारिकेला सांगावे. २०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत ही तपासणी आणि पुढील उपचार विनामूल्य आहेत. जाताना माता-बाल संरक्षण कार्ड सोबत न्यावे. परक्या खोलीत बाळ बहुधा कडेवरून उतरत नाही; म्हणून घरातील त्याच्या हालचालींचे मोबाइलवर चित्रण करून न्यावे.